एका सेकंदात विझणारा कंदील

आधीच सांगून टाकते. रस्त्यात कुणी उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं, तर मी त्याच्यावरून स्कूटर घालते. घरात कुणी ‘मला काहीतरी जाणवलं’ म्हणालं की मी आधी विचारते, ‘जेवलास का?’ त्यामुळे वाचकांच्या गूढ अनुभवांच्या या सदरासाठी लिहायला बसले याची मला स्वतःलाच लाज वाटतेय... पण दोन वर्षं झाली, डोक्यातून जात नाही.

मी जळगावात, पिंप्राळ्याला राहते. माझा नवरा तन्मय आणि मी मिळून व्हिडिओ गेम बनवतो. कोड त्याचा, चित्रं आणि लिखाण माझं. आमचा पहिला गेम एका खोल विहिरीचा होता. त्यातली मुलगी टप्प्याटप्प्याने खाली उतरते, पण प्रत्येक वेळी आधी दोराला बांधून पेटता कंदील खाली सोडते. कंदील जळत राहिला तर उतरायचं. विझला तर खालची हवा वाईट, वाट बदलायची. ही कल्पना माझ्या वडिलांची — आबांची. शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावी पडीक विहिरीत उतरायचं झालं, की आबा आधी कंदील सोडायचे. आता आबा नाहीत, शेती माझा मोठा भाऊ बघतो.

गेम तयार झाला. राहिलं होतं ऑनलाइन स्टोअरवरचं आमचं पान. तिथे शेकडो गेम्सच्या रांगेत तुमचं चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं दिसतं आणि माणूस त्याच्यावर जेमतेम एक सेकंद थांबतो. त्या सेकंदात त्याला कळलं नाही तर तीन वर्षांची मेहनत पाण्यात! म्हणून मी चित्र अगदी साधं ठेवलं. काळीनिळी विहीर, वरून बघितल्यासारखी. मधोमध दोर. दोराच्या टोकाला पिवळाधमक कंदील. अख्ख्या चित्रात उजेड तेवढाच.

असं चित्र तपासायची माझी एक पद्धत आहे. मोबाइलवर ते लहान करायचं, गेम न खेळणाऱ्या माणसासमोर धरायचं, मनात ‘एक’ म्हणायचं आणि मोबाइल पालथा. मग विचारायचं, काय दिसलं?

पहिले सापडले कोपऱ्यावरचे किराणावाले काका.

“विहीर,” ते म्हणाले. “आणि विझलेला कंदील.”

“विझलेला? काका, एवढा पिवळा रंग दिलाय!” मी मोबाइल परत त्यांच्यापुढे धरला.

ते वाकून बघत राहिले. “हां, आता जळतोय. मघाशी नव्हता हो.”

काकांचा चष्मा बदलायला झालाय, असं म्हणून मी घरी आले आणि कंदिलाची ज्योत मोठी केली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मावशींना दाखवलं. त्या गवार मोडत होत्या. त्यांनी एक नजर टाकली. “विहीर आहे गं. पण कंदील विझलाय, पेटव की तो.” परत दाखवला तर म्हणाल्या, “अगं बाई, जळतोय की!”

आता मात्र माझं डोकं फिरलं. मी कंदिलाभोवती प्रकाशाचं वलय टाकलं. तन्मयने दुसरा मोबाइल आणला. तिकिटाएवढी प्रिंटसुद्धा काढली आणि ती मी स्टँडवरच्या एका रिक्षावाल्याला दाखवली. पंचविशीतला पोरगा, डोळे ठणठणीत.

“ताई, कंदील बंद का दाखवलाय?”

प्रिंट माझ्याच हातात होती. मी खाली बघितलं... पिवळाधमक. मे महिन्याच्या उन्हात उभी होते, तरी अंगावर काटा आला. या तिघांनी एकमेकांशी बोलून ठरवलं असेल, हे काही शक्य नव्हतं. मला आणि तन्मयला मात्र तो एकदाही विझलेला दिसला नाही. आम्हाला चित्र पाठ आहे म्हणून असेल, असं तन्मय म्हणाला. मी त्याच्याशी भांडले. घाबरले की मी भांडते.

शनिवारी दुपारी मी ते चित्र भावाला व्हॉट्सअॅपवर पाठवलं. आमच्या अहिराणीत त्याचं उत्तर आलं; मला तो ‘माय’च म्हणतो —

“भारी शे माय. पन कंदील इझेल का बरं?”

हा सुद्धा विझलेलाच म्हणतोय! तन्मयने याला फूस लावली असणार, दोघं मिळून माझी टिंगल करतायत, असं मला वाटलं. मी रागाने काही लिहिलंच नाही. त्याच्याखाली त्याचा आणखी एक मेसेज होता: “सकाय खालनी हीर उघाडतस. आबानी जुनी मोटर काढनी शे.” म्हणजे खालच्या शेतातली, आबा गेल्यापासून पत्रे टाकून झाकलेली विहीर तो उद्या उघडणार होता. मी अंगठा पाठवला आणि मोबाइल बाजूला ठेवला.

रविवारी सकाळी चहा घेऊन त्या पानासाठी वर्णन लिहायला बसले. तिथे दोन-तीन ओळीच मिळतात. त्यात सगळं आलं पाहिजे आणि वाचणाऱ्याला पुढे बघावंसंही वाटलं पाहिजे. बरंच खोडून शेवटी जमलं. सवयीप्रमाणे मोठ्याने वाचून बघितलं —

‘उतरण्याआधी कंदील सोड. तो जळत राहिला, तरच मागोमाग जा.’

स्वयंपाकघरातून तन्मय म्हणाला, “मस्त! आणि विझला तर?”

माझ्या हातातला कप तसाच राहिला.  मी विचार केला, ठरवलं, असं काही झालं नाही. मी सरळ भावाला फोन लावला.

उचलला नाही. परत लावला. पूर्ण वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा उचलला.

“काय माय? दोर बांधेल शे, उतरी ऱ्हायनू. मंग बोलतू.”

“कंदील सोडला का आधी?”

“आते कोन कंदील सोडस?” तो हसला. “मोबाइलनी बॅटरी शे ना. तळ लगून बठ्ठं दखास.”

तळापर्यंत सगळं दिसणारच! बॅटरीला हवा लागत नाही. ती वाईट हवेतही तशीच लख्ख जळते. मी तोंडाला येईल ते ओरडत होते. त्याला वाटलं मी गेमच्या नादात बोलतेय. शेवटी मी म्हणाले, “भाऊ, तुले आबानी आन शे. दिवा सोड आधी.”

 तो कुरकुरला, पण कुणाला तरी दिवा आणायला सांगितलं. “फोन चालू ठेव,” मी म्हणाले.

ती दहा-पंधरा मिनिटं मी कधी विसरणार नाही. तन्मय माझ्या शेजारी येऊन बसला होता. तिकडून माणसांचे आवाज, बादलीच्या कडीचा आवाज. कुणीतरी हात मोजत दोर सोडत होतं.

“पाच हात... जळी ऱ्हायना.”

“आठ... जळी ऱ्हायना.”

कडी पुन्हा वाजली. 

“इझी गया.”

“वारानी इझना आसी,” भावाचा आवाज. “परत पेटाड.”

परत पेटवला, परत सोडला. परत तेवढ्याच खोलीवर — “इझी गया.”

 भाऊ नुसतं “माय...” म्हणाला आणि फोन ठेवला. नंतर वहिनीने सांगितलं, तो तिथेच मातीत बसला होता. दोर कमरेलाच होता. माझा फोन उचलायला त्याने पहिल्या पायरीवरून पाय वर घेतला होता.

विहिरीत काय झालं ते मला समजतं. वर्षानुवर्षं झाकलेली विहीर, आत कुजलेला पाला, खाली साचलेली वाईट हवा. त्यात भुताखेताचं काही नाही. मला समजत नाही ते चित्र.

सोमवारी मी तीच प्रिंट घेऊन निघाले. चित्रात एक ठिपकाही बदलला नव्हता. किराणावाले काका म्हणाले, “विहीर. कंदील.” जळतोय का, असं विचारलं तर माझ्याकडेच बघायला लागले. “म्हणजे काय! डोळ्यात घुसतोय.” मावशी तेच म्हणाल्या. तो रिक्षावालाही तेच म्हणाला, आणि आधी आपण काय म्हणालो होतो ते त्याला आठवतही नव्हतं. तन्मयने काळ्या रंगाचं, डोळ्यांच्या सवयीचं काहीतरी समजावलं. “मग आज का नाही?” म्हटल्यावर तो प्रिंट उलटसुलट करून बघत बसला. 

गेम आला, बरा चालला. तेच चित्र तिथे आहे आणि आजवर कुणीही कंदिलाबद्दल तक्रार केलेली नाही. मला खरी भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. काकांना दिसलं, मावशींना दिसलं, एका अनोळखी पोराला दिसलं. यातलं कुणी माझ्या भावाला ओळखत नव्हतं. खुद्द त्याला दिसलं, त्याने मला विचारलंसुद्धा! आणि आबांची मुलगी मी, तो कंदील माझ्या हातचा, मला मात्र एकदाही दिसलं नाही.

अजूनही सकाळी काम सुरू करण्याआधी मी ते चित्र लहान करते, डोळे मिटते आणि एका सेकंदापुरते उघडते. कंदील जळत असतो. पण त्या आठवड्यातही मला तो जळतानाच दिसत होता... म्हणून मग मी भावाला फोन लावते. काही काम नसतं. आता तर मी विचारायच्या आधीच तो सांगतो.

“वरच शे माय. वरच शे.”