बाल्कनीतलं बाजारगाव

इंग्लंडमधल्या एका छोट्या बाजारगावात मी डोळे मिटून फिरू शकते. नदीवरच्या कमानींच्या दगडी पुलावरून आत शिरायचं. डाव्या हाताला पाणचक्की, मग चढ. चढ संपला की बाजाराचा चौक, चौकाच्या मधोमध खांबांवर उभा असलेला जुना दगडी मंडप. पूर्वी त्याच्या सावलीत लोणी आणि अंडी विकायला बायका बसायच्या. मंडपामागे निमुळत्या मनोऱ्याचं चर्च, त्याच्या पलीकडे गरीब म्हाताऱ्यांसाठी कोणीतरी बांधून दिलेल्या बुटक्या घरांची रांग. आणि सगळ्यांच्या डोक्यावर, टेकडीवर, पडका किल्ला.

तिथे मी अजून एकदाही गेलेले नाही.

ते गाव आमच्या पाठ्यपुस्तकात होतं. कुवेतमधल्या माझ्या शाळेत पुस्तकं इंग्लंडहून यायची, त्यामुळे नदी म्हटलं की तिकडची नदी आणि शेत म्हटलं की तिकडचं शेत. समोरासमोरच्या दोन पानांवर गावाचं मोठं चित्र होतं, उंचावरून पाहिल्यासारखं. मी वर्गात बोलत नसे. बाई प्रश्न विचारायला लागल्या की मी मान खाली घालून त्या चित्रात जायचे. तिथे कोणी काही विचारत नव्हतं. फहाहीलच्या आमच्या घराच्या खिडकीतून गाड्या उभ्या केलेलं मैदान, मातकट रंगाच्या इमारती आणि त्यांच्या फटीतून समुद्राची एक पट्टी दिसायची. मी बराच काळ असं समजत होते की खरं गाव म्हणजे पुस्तकातलं, आणि आम्ही राहतो ती नुसती जागा.

मग एके दिवशी बाईंनी पुस्तकातल्या एकेका पानाचं मॉडेल करून आणायला सांगितलं. माझ्या वाट्याला तेच पान आलं. आनंद व्हायला हवा होता, पण मॉडेलशेजारी उभं राहून माहिती सांगायची होती आणि ती ऐकायला आईवडिलांनाही बोलावलं होतं.

घरी मी इंग्लिशमध्ये एवढंच म्हणाले की मला एक खोकं हवंय.

"कशाला खोकं?" बाबांनी मराठीत विचारलं. आमच्याकडे असंच चालायचं. ते मराठीत विचारायचे, मी इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचे.

मी पान दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, पान दिव्याखाली धरलं आणि म्हणाले, "अगं, हा तर किल्ला आहे."

बाबा साताऱ्याचे. इथे एका कंपनीत अकाउंट्स बघायचे. दर दिवाळीला आमच्या बाल्कनीत किल्ला व्हायचा आणि दर दिवाळीला इमारतीचा हारिस, म्हणजे आमचा वॉचमन, खालच्या मजल्यावर चिखलाचं पाणी गळतं म्हणून वर यायचा. नेमकी तेव्हाही दिवाळी तोंडावर आली होती. बाबांनी ठरवून टाकलं की यंदा एकच किल्ला, आणि तो शाळेचा.

किल्ल्याला माती लागते. इथली वाळू हातातून निसटते, बुरूज धरत नाही. त्यासाठी राई नावाच्या गोदामांच्या भागात जावं लागायचं. तिथल्या रोपवाटिकांमध्ये मातीची पोती मिळायची आणि तिथेच टाइल्सच्या एका शोरूममध्ये चाचा कामाला होते. चाचा रायगडच्या किनाऱ्यावरचे, मुरूडकडचे. बाबांची आणि त्यांची ओळख माझ्या जन्माआधीची. चाचांनी पॅकिंगचा थर्माकोल दिला, फुटक्या टाइल्स दिल्या आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःही आले. सोफ्यावर बसून त्यांनी पुस्तकातलं चित्र पाहिलं, मग बाल्कनीतला अर्धा झालेला ढीग पाहिला.

"साहेब, ह्यो किल्ला असा सुका कसा?"

"डोंगरी किल्ला आहे शेठ. डोंगरी किल्ला सुकाच असतो."

"अवो, चित्रात बघा तरी. भवताली पाणी हाय."

बाबांनी चित्र पाहिलं. किल्ल्याभोवती खरंच खंदक होता.

"पाण्यातला किल्ला म्हंजे आमच्याकडचा," चाचा म्हणाले. "तुमचा नाय. सरका जरा."

त्यानंतर बाल्कनीत दोघेजण आणि चहा द्यायला येणारी आई. मला जागा उरली नव्हती. मी दारात बसून पुस्तक धरून होते आणि ते विचारतील तेव्हा बोट दाखवत होते. टाइल्सच्या तुकड्यांचा पूल झाला. साबणाच्या पावडरच्या खोक्याचं चर्च झालं. चौकातल्या जुन्या घरांना पांढऱ्या भिंतींवर काळी लाकडं असतात, ती उदबत्तीच्या काड्यांची केली. अजूनही तशा घरांचे फोटो पाहिले की मला मोगऱ्याचा वास येतो. बुटक्या घरांच्या रांगेवर आईने केरसुणीच्या काड्या कापून छप्पर घातलं.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

मी कसंबसं मराठीत सांगितलं की ज्यांचं कोणी नाही अशा म्हाताऱ्या माणसांची घरं.

"म्हणजे धर्मशाळा," बाबा म्हणाले. "आणि ही पेठ, आणि ही वेस. आपल्यासारखंच आहे की सगळं. आमच्याकडे रविवारी बाजार. यांच्याकडे कधी?"

पुस्तकात लिहिलं होतं, बुधवारी. राजाने परवानगी दिली तेव्हापासून दर बुधवारी.

"मग माणसं कुठायत? बुधवारी चौक असा रिकामा?"

आईने दिवाळीच्या किल्ल्यावर मांडायची मातीची चित्रं ठेवलेला डबा काढला. महाराज त्यांच्या सिंहासनासह कापसात गुंडाळलेले होते. बाबांनी ते हळूच परत ठेवले. "दुसऱ्याच्या गावात महाराज कशाला बसवायचे," ते म्हणाले. मावळ्यांनाही मी नको म्हटलं. पण भाजीवाली, कुंभार आणि डोक्यावर मडकी घेतलेली गवळण यांना आईने चौकात बसवलंच. गवळणीचा तळ फुटका होता, तिला कणकेच्या गोळीवर चिकटवलं. नऊवारीतल्या बायका इंग्लंडच्या मंडपाखाली बसल्या.

शेवटी किल्ल्याची वाट. पुस्तकात ती चौकापासून किल्ल्याच्या दरवाजापर्यंत सरळ होती. बाबांनी ती दोनदा वळवून बुरुजाच्या आड नेली.

"बाबा, इट्स स्ट्रेट."

"सरळ वाट कोण ठेवेल? हत्ती धावत येईल आणि दरवाजाला धडक देईल. दरवाजा लपलेलाच हवा, गोमुखी."

टेकडीवर आईने हळीव पेरले. लाडवांसाठी आणलेल्यातले निम्मे तिकडे गेले. ती रोज पाणी शिंपडायची आणि दिवाळी सरता सरता टेकडी हिरवीगार झाली. सगळं इतकं सुंदर दिसत होतं की मला ते शाळेत न्यायचंच नव्हतं.

खरं कारण वेगळं होतं. त्याच्या आदल्या वर्षी बाबा शाळेत आले होते आणि बाईंशी इंग्लिशमध्ये बोलले होते. त्यांचं इंग्लिश ऑफिसातलं. शब्द सगळे बरोबर, चाल साताऱ्याची. माझ्या मागच्या बाकावरचा मुलगा नंतर कितीतरी दिवस त्यांच्या आवाजात बोलून दाखवत होता आणि बाकीचे हसत होते. बाबांना हे माहीत नव्हतं, आणि ते कधी कळू नये एवढंच मला हवं होतं. मी आईला सांगितलं की बाबा नाही आले तरी चालेल.

"त्यांनी रजा टाकलीय," आई म्हणाली. विषय संपला.

चाचांनी वनेट आणली. पिकअपला इथे सगळे वनेटच म्हणतात. मागे मॉडेल, त्याला दोन्ही हातांनी धरून बाबा, पुढे चाचांशेजारी मी. शाळेच्या हॉलमध्ये टेबलं मांडली होती. एका टेबलावर ज्वालामुखी, एकावर समुद्राचा तळ, सगळ्यांवर प्रिंट काढलेली नावं. आमच्या टेबलावरून ओल्या मातीचा वास येत होता. बाबा ऑफिसचा शर्ट घालून भिंतीशी उभे राहिले.

बाई एकेक टेबल बघत येत होत्या, त्यांच्यामागे सगळा वर्ग. आमच्या बाई इंग्लंडच्या होत्या, उंच, वयाने मोठ्या, उन्हाने लाल झालेल्या. माझ्या टेबलाशी आल्या आणि थांबल्या. पूल बघितला, चर्च बघितलं. मग बोट ठेवून विचारलं, "किल्ल्याची वाट अशी का वळवलीस? पुस्तकात तर सरळ आहे."

मला उत्तर माहीत होतं, पण मी वर्गात बोलत नसे. आणि तेवढ्यात बाबा भिंतीपासून निघाले. एक हात पुढे करून ते टेबलाकडे येत होते, त्यांचं तोंड किंचित उघडलं होतं. मागच्या बाकावरचा मुलगा बाईंच्या कोपराशीच उभा होता.

"हत्ती दरवाजावर धावून येऊ नयेत म्हणून," मी म्हणाले. चांगलं मोठ्याने.

सगळा वर्ग हसला.

"इंग्लंडमध्ये हत्ती?" त्या मुलाने विचारलं.

"शत्रूचे," मी म्हणाले. तोंड उघडलंच होतं. "त्यांनी आणले तर?"

आणखी हसले. पण माझ्यावर हसत होते, आणि ते मला चालणार होतं. बाबांचा पुढे आलेला हात बाजारचौकावर जरा घुटमळला. मग ते मागे सरकले.

बाई हसल्या नाहीत. त्या वाकून टेकडीकडे बघत होत्या. त्यांनी दोन बोटांनी गवताची एक काडी खुडली, वास घेतला आणि ती खाल्ली.

"क्रेस," त्या म्हणाल्या. हळिवाला तिकडे क्रेस म्हणतात. मग त्यांनी आणखी एक काडी खाल्ली. लहानपणी खिडकीत ओल्या कापसावर त्या हेच रुजवायच्या आणि अंड्याच्या सँडविचमध्ये घालायच्या, असं त्यांनी सांगितलं. अशाच एका गावात, असंही म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीचा वाटला नाही. जाताना त्यांनी चौकाकडे बोट केलं. "आणि ही कोण?"

"दूधवाली."

"बरोबर. बाजारात ती हवीच." एवढं म्हणून त्या ज्वालामुखीकडे गेल्या.

परत येताना चाचांनी विचारलं, "काय मंग, मॅडम काय बोलली?"

"किल्ल्यावरचं गवत खाल्लं तिने," बाबा म्हणाले.

"खंदकाचं पाणी नाय ना पिली?"

दोघं घरापर्यंत हसत होते. मीही हसले, पण बाबांकडे बघून. ते खरंच हसतायत की नाही, हे बघत.

त्या प्रसंगाबद्दल आम्ही पुढे कधीच बोललो नाही. चाचा केव्हाच मुरूडला परत गेले. बाबा निवृत्त झाले आणि गेल्या वर्षी आईबाबा साताऱ्याला राहायला गेले. मी इथे नोकरी करते, एका मैत्रिणीबरोबर फ्लॅटमध्ये राहते. अधूनमधून फहाहीलला जाते तेव्हा आमची बाल्कनी खालून बघते. तिथे आता कोणाचे तरी कपडे वाळत असतात. ज्या जागेला मी गाव म्हणत नव्हते, तिथल्या रस्त्यांवर माझी पावलं आपोआप वळतात.

पुढच्या महिन्यात ऑफिस मला ट्रेनिंगसाठी इंग्लंडला पाठवतंय. मी नकाशा उघडला तर ते बाजारगाव तिथून बसच्या अंतरावर निघालं. फोटोही पाहिले. पूल आहे, मंडप आहे, बुटकी घरं आहेत, नदीत बदकं आहेत. बुधवारचा बाजार अजून भरतो. किल्ल्याचे सगळे फोटो मात्र समोरून काढलेले. वाट कशी आहे ते दिसत नाही.

परवा शुक्रवारी बाबांना फोन करून हे सांगितलं, आता मराठीत. बोलता बोलता मी म्हणाले, "बाबा, तेव्हा शाळेत तुम्ही पुढे आलात ना, म्हणून मी घाईने बोलले. मुलं तुम्हाला हसतील असं वाटलं मला."

ते म्हणाले, "मी कुठे बोलणार होतो? तुझी गवळण आडवी झाली होती. ती उभी करायला आलो."

"काहीतरीच," मागून आईचा आवाज आला. "आठवडाभर आंघोळ करताना इंग्लिश पाठ करत होतात. गोमुखी दरवाजा, हत्ती, सगळं. मला पाठ झालं होतं ऐकून ऐकून."

"काय पाठ केलं होतं बाबा?" मी विचारलं.

"आता कुठे आठवतंय. आणि तू सांगितलंस की. त्यात आणखी काय होतं?" ते खाकरले. "जाणार आहेस ना तिकडे?"

"हो."

"मग किल्ल्याची वाट बघून ये. आणि सरळ असली तर मला सांगू नकोस."