तपकिरीच्या डबीचं चित्र

ड्रॉइंगच्या बाई निवृत्त झाल्या तरी गल्लीसाठी त्या बाईच राहिल्या. शाळा सुटली, ब्रश काही सुटला नाही. जेवणाचं अर्धं टेबल त्यांनी कायमचं बळकावलं होतं. तिथे जुन्या बारीकसारीक वस्तू मांडून त्या जलरंगात चित्रं काढत बसायच्या. गंजकं कुलूप, शाईची दौत, दांडी तुटलेला चष्मा, काहीही. डोळ्यांसमोर नाही ते कागदावर नाही, हा त्यांचा हट्ट.

त्यांचे यजमान कुलपं दुरुस्त करायचे. दुकानातलं भंगार तेच आणून द्यायचे आणि वर म्हणायचे, की मला सोडून घरातल्या सगळ्या जुन्या वस्तूंची चित्रं झाली. माणूस मिश्कील, पण तपकिरीचं भारी व्यसन. बाईंना तिचा नुसता वास आला तरी शिंका यायच्या. त्यावरून दोघांचं जन्मभर वाजायचं.

यजमान गेले आणि त्यांची पितळी डबी दुकानातल्या फळीवर तशीच राहिली. बाईंनी झाकण उघडलं. तळाशी थोडी तपकीर होती आणि तिच्यात शेवटच्या चिमटीचा खळगा, त्यांच्या दोन बोटांचा. बाईंना भरून आलं. हलू न देता त्यांनी डबी घरी आणली आणि मुलीला पंखे बंद करायला लावले. एवढं चित्र होऊ दे, मग ती सांडली तरी चालेल, म्हणाल्या.

जलरंगात फिकं आधी, गडद शेवटी. पोरांना हे सांगून सांगून त्यांचा घसा बसला होता. त्याच शिस्तीत त्यांनी नाकाला रुमाल बांधून पितळेची चमक काढली, झाकणाचा पोचा काढला, कडेची सावली काढली. तपकीर सगळ्यांत गडद, म्हणून तिची जागा कोरी राहिली. मग खळगा नीट दिसावा म्हणून त्या वाकल्या. चष्म्यावर वाफ धरत होती, म्हणून रुमाल खाली ओढला आणि जोरात शिंकल्या.

टेबलावर, ओल्या कागदावर, बाईंच्या पांढऱ्या केसांत, सगळीकडे तपकीर. मुलगी धावत आली. ते ध्यान बघून तिला हसू फुटलं. बाईही हसल्या, आणि मग त्यांना रडू आवरेना.

मुलीने त्यांचे केस झटकले, पाणी दिलं.

"आई, तू पाहिला होतास ना तो खळगा? आठवून काढ."

बाई कागदावरच्या कोऱ्या जागेकडे बघत राहिल्या.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "शेवटी काढायचाय म्हणून नीट पाहिलाच नव्हता."