उणे बारात थिजलेलं डिझेल आणि बाबांची बोट

नोव्हेंबरअखेर कॅनडातल्या जॉर्जियन बेला हौसेने कुणी जात नाही. आम्ही गेलो, कारण माझ्या सासऱ्यांची, म्हणजे बाबांची, छोटी बोट अजून पाण्यात होती. बाबा निवृत्त मरीन इंजिनिअर, वय अठ्ठ्याहत्तर. नवरा कामासाठी दूर बर्नाबीला, म्हणून किचनरहून गाडी मीच काढली. मिडलंडला अडीच तास लागतात. विंटर टायर्स हवेतच. बोटी लावतात त्या मरीनाची वॉशरूम हिवाळ्यात बंद, त्यामुळे कॉफीला थांबाल तिथेच उरकून घ्या.

पोचलो तेव्हा उणे बारा. धक्क्याजवळ पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला होता. बोटी पाण्याबाहेर काढणारा क्रेनवाला पलीकडच्या काठावरून ओरडला, "थ्री ओ'क्लॉक! मग मी घरी." आज बोट क्रेनपाशी नेली नाही, तर ती हिवाळाभर बर्फात अडकून चिरडली जाणार.

इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. टाकीत ऑगस्टमध्ये भरलेलं उन्हाळी डिझेल होतं. बाबांनी फिल्टर उघडला, तर आत थिजलेल्या तुपासारखा लगदा.

"थंडीसाठीचं ते अ‍ॅडिटिव्ह घातलं नव्हतं?" मी विचारलं.

"राहिलं. आता घालून उपयोग नाही. थिजायच्या आधी घालायचं असतं."

स्क्रू धरता यावेत म्हणून त्यांनी हातमोजे काढले होते. फिल्टरमधलं गारढोण डिझेल उजव्या हातावर सांडलं. बघता बघता बोटं पांढरीफटक पडली. पाना खाली पडला, तो त्यांना उचलता येईना. मी त्यांचा हात पुसून माझ्या जॅकेटच्या आत धरला.

"मेधा, आता तूच कर. मी सांगतो."

मी पेट्रोल पंपावरून कॅनमध्ये हिवाळी डिझेल आणलं, नवा फिल्टर त्या डिझेलने भरला, इंजिनची नळी टाकीऐवजी थेट कॅनमध्ये सोडली. मग हातपंपाने पाइपातली हवा काढायची. "फेस थांबेपर्यंत पंप कर," बाबा म्हणत राहिले. माझे खांदे भरून आले. तीनला दहा कमी असताना इंजिन सुरू झालं, आणि आम्ही पापुद्रा फोडत क्रेनखाली पोचलो.

परतताना वॉक-इन क्लिनिकमध्ये डॉक्टरांनी बाबांच्या उजव्या हाताला बँडेज बांधलं. फोड येतील, पण बोटं वाचतील, म्हणाले. तुम्ही जाणार असाल तर रबरी हातमोजे न्या आणि काढू नका.

घरी आल्यावर मी वरणभात वाढला. बाबा ताटाकडे बघत बसले.

"थंडीआधी डिझेल तयार ठेवा, तीस वर्षं जहाजावर पोरांना हेच शिकवलं गं. आणि मीच विसरलो."

मी भात कालवला आणि घास पुढे केला. माझ्याकडे कधी पाण्याचा पेलाही न मागणाऱ्या बाबांनी निमूट तोंड उघडलं.