आबांचा खोकला

काष्टीतलं कुणीही माणूस एकदा ऐकलं, की ते तिच्या गळ्यात जाऊन बसायचं. शनिवारच्या बाजारातले बैलांचे दलाल, डेअरीवर दुधाला फॅट कमी लागली की भांडणारी चुलती, नाकातून बोलणारा एसटीचा कंडक्टर. गाव तिला टेप म्हणायचं. हजेरीतलं नाव फक्त मी घ्यायचो, तर ते ती माझ्याच आवाजात मला परत करायची.

मी तिच्या हायस्कूलमध्ये मराठी शिकवतो, स्नेहसंमेलनं बसवतो. माझी नक्कल तिनं अगदी छोटी ठेवली होती. उभं राहायचं, खिशातलं पेन चाचपायचं, घसा खाकरायचा आणि काहीच न बोलता खाली बसायचं. वर म्हणायची, "सर आज लई बोलले." मी सगळ्यांत मोठ्यानं हसायचो. तिनं मला किती नेमकं पकडलं होतं, ते पुढं कळलं.

नकलेबद्दल तिचा एक नियम होता. "मानूस आधी आवडाया पायजे, सर. न आवडनाऱ्याचा आवाज बसतच न्हाई." सर्वांत जास्त तिला तिचे वडील, आबा, आवडायचे. ऊसतोडीहून ते छातीचं दुखणं घेऊन परतले होते. गणपतीत तिनं स्टेजवर त्यांचा खोकला काढला आणि मंडप हसून लोळला. दहा दिवसांनी आबा गेले. मनातली ही टोचणी तिनं एकट्या मला सांगितली, रिकाम्या वर्गात, तालमीनंतर. "मी आबांच्या खोकल्यावर टाळ्या घेतल्या, सर." मग म्हणाली, "पन आबा बी हसत हुते. पुढंच बसल्याले. डोळ्यांतनं पानी येस्तवर."

त्याच वर्षी मिरजगावच्या पुढं हायवेला लागून असलेल्या एका सत्संग मंडळाचं बोलावणं आलं. तरुण कलाकारांचं शिबिर होतं, मोठं स्टेज, पुण्याचे पाहुणे. मीच तिला घेऊन गेलो. तिची रंगीत तालीम चालू असताना एका सेवेकरी बाईंनी मला आत बसवून चहा दिला. मुलीच्या घरचं काही सांगा, म्हणाल्या, म्हणजे तिच्यासाठी प्रार्थना करता येईल. इतक्या मायेनं मला क्वचितच कुणी काही विचारलं असेल. जन्मभर गप्प राहिलेला मी भडाभडा बोललो. खोकला सांगितला, टाळ्या सांगितल्या. तेवढ्यात कुणीतरी बोलावलं आणि मी उठलो.

दुपारी मंडळाच्या प्रमुखांनी, सगळे त्यांना दादा म्हणत, तिला भर सभेत जवळ घेतलं. डोळे मिटून म्हणाले, "बाळ, बापाच्या खोकल्यावर टाळ्या घेतल्यास ना?" ती त्यांच्या पायावर कोसळली. ज्या पोरीला एका वाक्यावरून माणूस ओळखू यायचा, तिला दादांच्या तोंडातली माझी वाक्यं ओळखू आली नाहीत. मी पहिल्या रांगेत होतो. मांडीवर त्यांनी दिलेली शाल आणि नारळ.

एरवी परतीच्या वाटेवर ती दिवसभरातली सगळी माणसं काढून दाखवायची. त्या दिवशी मोटारसायकलवर मागं गप्प बसली होती. घोगरगावच्या आसपास एकदाच विचारलं, "त्यांना कसं कळलं हो, सर?" मी घसा खाकरला. बोललो काहीच नाही.

पुढं सगळं सावकाश झालं. आधी तिनं मंडळाच्या कार्यक्रमांत नकला केल्या, गर्दी जमवली. मग नक्कल म्हणजे दुसऱ्याच्या आत्म्याची चोरी, असं ठरलं. प्रायश्चित्त म्हणून मौन आलं, मोबाईल जमा झाला, आणि मनात आलेलं सगळं रोज लिहून मंडळातल्या ताईंना दाखवायची वही आली. कॉलेज सुटलं, ती तिथंच राहायला गेली. तिची आई महिन्यातून एकदा भेटून यायची. एकदा शाळेच्या फाटकाशी उभी राहून म्हणाली, "पोरगी मला आपन म्हनती, सर. आईला कुनी आपन म्हनतं का?" त्या माउलीलाही मी काही सांगितलं नाही. सहा वर्षं.

गेल्या महिन्यात तिला भेटायला गेलो. पांढऱ्या साडीत ती समोर बसली, शेजारी एक ताई. मी पहिल्यांदाच सगळं सांगितलं: तो चहा, ती बाई, माझं बोलणं. ती शांतपणे म्हणाली, "ही माझी परीक्षा आहे. जवळचं माणूस येऊन असंच बोलेल, हे दादांनी सांगितलं होतं." एकेक शब्द स्वच्छ, शुद्ध. त्यात काष्टी कुठंच नव्हती.

माझ्याकडे एकच गोष्ट उरली होती. म्हटलं, "दादांनी तुला अर्धंच सांगितलं, कारण मी त्यांना अर्धंच सांगितलं होतं. आबाही हसत होते, ते सांगायचं माझ्याकडून राहिलं."

तिची मान वर आली. ताई उठायला लागली. तेवढ्या वेळात हलक्या आवाजात तिनं विचारलं, "आबा हसत हुते?"

"तूच सांगितलं होतंस मला. पुढंच बसले होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत."

ती आठवत राहिली. खरंच आठवत होती; कपाळावर ती जुनी आठी आली होती. मग तिनं मान हलवली. "न्हाई, सर. मला तर निस्ता खोकला आठवतोय."

ताई तिला आत घेऊन गेली.

आबांचं ते हसणं आता फक्त माझ्याजवळ आहे. आणि मी तर त्या मंडपात नव्हतोच.