दंडाच्या हाडातलं दुसरं छिद्र

नाना गेल्याचं त्यांच्या मुलीनं, वैशालीनं, फोनवर सांगितलं तेव्हा मी पिंप्राळ्यात आमच्या संघटनेच्या पत्रकांचे गठ्ठे बांधत होते. "तेरावंही झालं. तुला मुद्दामच कळवलं नाही," ती म्हणाली. बरोबरच केलं. मी कोणत्या तोंडानं गेले असते... नानांबद्दल चार गोड शब्द लिहायचा हक्क मला नाही. खरं तेवढं लिहायचं राहिलंय.

नाना धुळ्याच्या एका मेडिकल कॉलेजात हाडांची खोली सांभाळायचे. मुलांना अभ्यासाला हाडं द्यायची, परत घ्यायची, पुसून ठेवायची. चार वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाच्या एका मुलीनं मला दंडाच्या हाडाचा फोटो दाखवला. पुस्तकात एकच छिद्र, याला दोन. मला तेवढं पुरलं. बेवारस गरिबांची हाडं तारेत ओवून विकायला भोकं पाडतात, असं मी ठरवूनच टाकलं. ‘मेलेल्या गरिबालाही ड्रिल!’ हा आमच्या पत्रकाचा मथळा माझा. ‘हाडांच्या खोलीच्या रखवालदारा, जबाब दे’ ही ओळही माझीच. कुणाला विचारलं नाही. विचारत बसलं की धार जाते, असं आम्हाला वाटायचं. पत्रक वाटलं गेल्यावर कॉलेजनं नानांना खोलीतून काढून फाटकावर बसवलं. पोरं जाता-येता विचारायची, "काय नाना, ड्रिल आणलं का?"

त्यांनीच मला बोलावून घेतलं. मी भांडायच्या तयारीनं गेले. शिकवणाऱ्या मॅडमकडून किल्ली मागून त्यांनी दंडाची तीन हाडं टेबलावर मांडली. एकाला एक छिद्र, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला मुळीच नाही. खराट्याची बारीक काडी छिद्रात सरकवली. ती तिरपी, कोपराच्या दिशेनं आत गेली. "देख बेटा, ड्रिलनं भोक सरळ पडस. हाई तिरपं शे. आठून रगत आत जास. कोन्हाले एक, कोन्हाले दोन. मायना पोटमाच ठरस." मॅडमनी मान डोलावली. माझे कान तापले. नाना रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "जसं छापं, तसंच परत छाप."

"छापते," म्हणाले मी. छापलं नाही. "चूक कबूल केली तर उद्या आपलं कोण ऐकेल?" असं सहकारी म्हणाले, हे खरं, पण मला तेच ऐकायचं होतं, हे जास्त खरं. पुढे जळगावच्या बसस्थानकावर नाना दिसले, तर मी खांबाआड झाले... त्यांनी पाहिलंच. "चहा लिसी का, माय?" तिथूनच ओरडले. गाडी लागली म्हणून मी सटकले. तीच शेवटची भेट.

फोनवर वैशालीनं पुढचं सांगितलं. नानांनी त्याच कॉलेजात देहदानाचा अर्ज भरून ठेवला होता. "मना दंडमा किती छिद्रं, ते पोरं देखतीन," म्हणायचे. पण त्यांच्या गावाहून, शिंदखेड्याहून, देह न्यायची गाडी निघायच्या वेळी त्यांच्या थोरल्या भावानं, आबांनी, कपाटातून माझं पत्रक काढलं. "तठे भोकं पाडतस. मी मना भाऊले देवाव नही." वैशाली रडून सांगत राहिली, हे सगळं खोटं आहे म्हणून. छापलेल्या कागदापुढे तिचं कुणी ऐकलं नाही.

मग मी माफीचं पत्रक छापलं. माझं नाव, माझी चूक, सगळं घालून. पहिली प्रत घेऊन शिंदखेड्याला गेले. आबांनी ओट्यावर बसून, चष्मा लावून, शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. घडी घातली आणि माझ्याच हातात परत दिली.

"खरं शे हाई?"

"खरं आहे, आबा."

"मंग आते काय करू? हाडं त तापीमा गयात."