बालाघाटच्या मांडवात अडलेली गाडी

जावयाला लग्नाचं बोलावणं येतं तेव्हा त्यात गाडीचा उल्लेख असू नये, असं माझं ठाम मत आहे. मामाजींनी (आम्ही विदर्भातले लोक सासऱ्याला मामाजी म्हणतो) बालाघाटहून फोन केला आणि म्हणाले, "जवाईबापू, बसची दगदग काहून घेता? गाडी घेऊनच या." मी नागपुरात हातगाडीवर कांदे विकून आडतीपर्यंत पोचलेला माणूस. माझी फुकट काळजी कुणी करायला लागलं की मी आधी खिसा चाचपतो. पण लग्न सगळ्यात धाकट्या मेहुणीचं, बायको कुसुम आठवडाभर आधीच माहेरी गेलेली, आणि मी थोरला जावई. आडतीच्या नव्या टेम्पोत डिझेल भरलं आणि पहाटे निघालो.

तुमसर सोडल्यावर रस्ता अरुंद झाला. दोन्ही बाजूंना धान कापून झालेलं, बांध्यांत नुसते खुंट उरलेले, आणि जागोजागी धानाची पुंजणं (कापलेल्या पिकाच्या गंज्या) रचलेली. कटंगीला बाजाराचा दिवस होता. एक बाई टोपलीत शिंगाडे घेऊन बसली होती. मी एक उचलून म्हणालो, काळे पडलेत, भाव उतरवा. ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "काले ही मीठे होते हैं भैया. गोरे चाहिए तो साबुन खरीद लो." मी दोनदा उठून गेल्यासारखं केलं. तिने एकदाही हाक मारली नाही. शेवटी तिच्याच भावाने घेतले. शिंगाडे गोड निघाले, त्याचा मला जास्त राग आला.

वारासिवनी गेलं, वैनगंगेचा पूल ओलांडला आणि बालाघाट आलं. मामाजींचं घर गावाच्या कडेला, चढावर. समोरचा रस्ता उतरत खाली मोकळ्या मैदानात जातो, तिथे जेवणावळीचा शामियाना चालला होता. मी उतरून पाय धुतले, तोवर मामाजी कुऱ्हाड घेऊन गाडीत बसलेसुद्धा. मांडवासाठी आंब्या-जांभळाच्या डहाळ्या लालबर्ऱ्याच्या रस्त्यावरून आणायच्या होत्या. चहा मला खिडकीतून मिळाला.

मामाजी सत्तरीचे, वाळलेले, तोंडात सतत सुपारी. डहाळ्या रचल्यावर त्यांनी पळसाच्या मुळ्यांची दोरी काढली आणि अशी काही गाठ मारली की ओढावी तितकी आवळावी, पण एक टोक खेचलं की सुटावी. मी म्हणालो, नायलॉनची घ्या की चांगली. ते म्हणाले, ही गाठ त्यांच्या वडिलांची. रागावून निघालेल्या पाहुण्याच्या बंडीची शिवळ (जुवाची खिट्टी) वडील लपवून ठेवायचे. बैल उभे, बंडी उभी, पाहुणा जाणार कुठे? चार घास खाऊनच जायचा. शिवळ नाही सापडली तर चाक याच गाठीने बांधून टाकायचे.

मग त्यांनी विचारलं, "आन् हे तुमची गाडी बंद कशानं होते?"

त्यांच्या विहिरीवर डिझेल इंजिन आहे, म्हणून चौकशी. नवी गाडी, मला दाखवायची हौस. मी केबिनमधला नॉब ओढून दाखवला, मग बॉनेट उघडून तो नॉब पंपावरचा जो बारका दांडा खेचतो तोही दाखवला. हा मागे गेला की डिझेल बंद, इंजिन बंद. मामाजींनी बोटाने तो मागेपुढे करून पाहिला आणि म्हणाले, "आमच्या इंजनासारखंच आहे मंग." मी शहाण्यासारखा समजावत होतो.

त्यानंतर दोन दिवस गाडी थांबली नाही. खुर्च्या, गॅसच्या टाक्या, वरातीची बिछायत, एका आत्याबाईंचं दुखणं. लोक मला जवाईबापू म्हणायचे आणि मागच्या फळीकडे बघायचे.

आणि माझा साडू? मधल्या मेहुणीचा नवरा, मनोहरराव. पाटबंधारे खात्यात साहेब, राहायला बालाघाटातच. ते स्कूटरवर आले, इस्त्री सांभाळत खुर्चीवर बसले आणि लग्न कसं असावं यावर बोलले. त्यांना कुणी टाकी उचलायला सांगितली नाही.

लग्न लागलं तेव्हा मी बर्फ आणायला गेलो होतो. परत येऊन गाडी मांडवामागे लावली आणि आत पाहतो तर मनोहररावांच्या अंगावर जरीचा शेला, डोक्यावर टोपी. जावयाचा मान वऱ्हाडासमोर देऊन झाला होता. ताटात दुसरा शेला नव्हता. मी ताट उचलूनही पाहिलं.

पुढचं मी थोडक्यात सांगतो, कारण बोललेलं सगळं छापण्याजोगं नाही. मी मामाजींना विचारलं, लग्नाला जावई बोलावला होता की टेम्पो. कुसुम म्हणाली, हळू बोला, व्याही ऐकतात. मी आणखी मोठ्याने बोललो. या घरचं अन्न खाणार नाही, आत्ता निघालो, असं जाहीर केलं. मामाजी खाली मान घालून ऐकत होते. मध्येच "हात धुऊन येतो" म्हणून गेले. मी माझी पिशवी शोधली, ती कुसुमने लपवली होती. ती सापडेपर्यंत पुन्हा दोन शिव्या झाल्या. मग तावातावाने गाडीत बसलो, दार आपटलं आणि चावी फिरवली.

स्टार्टर खणखणीत फिरला. इंजिन लागलं नाही.

मांडवाची कनात कुणीतरी बाजूला केली. अर्धं वऱ्हाड बघायला लागलं. रागाने निघून जाणाऱ्या माणसाने जागेवरून हलावं एवढी तर किमान अपेक्षा असते. मी पुन्हा फिरवली, पुन्हा फिरवली. नवरदेवाचा एक मामा म्हणाला बॅटरी, दुसरा म्हणाला थंडी. दुपारचं ऊन डोक्यावर होतं. बँडवाले लाल कोट घालून रिकामेच होते, त्यांचा मास्तर म्हणाला, "धक्का मारो, उतार है."

त्यांनी ढकललं. मी दुसरा गिअर टाकून बसलो, चेहरा अजून रागाचाच ठेवून. गाडीने चार गचके दिले, उतारावरून घरंगळली आणि थेट शामियान्यापाशी, पंगतीच्या तोंडाशी जाऊन थांबली. या घरचं खाणार नाही म्हणालेला मी, आणि माझ्यासमोर पत्रावळी मांडलेल्या. वाढपी वरणाची बादली घेऊन विचारू लागला, "बैठेंगे क्या?"

मी उतरलो आणि बॉनेट उघडलं. चिन्नोर (इकडचा सुवासिक तांदूळ) भाताचा वास नाकात शिरत होता. म्हटलं, डोकं शांत ठेव. स्टार्टर जोरात फिरतो, म्हणजे बॅटरी ठीक. पण एवढं फिरवून सायलेन्सरमधून धूर नाही, पांढरा नाही की काळा नाही. म्हणजे आत डिझेलच जात नाही. फिल्टरवरचा बोल्ट सैल करून हातपंप मारला. स्वच्छ डिझेल आलं, एक बुडबुडा नाही. टाकीपासून इथवर सगळं ठीक. आता नोझलकडे जाणाऱ्या नळीचा नट सैल करून बघायचं, पण चावी फिरवायला माणूस हवा. जवळ उभा होता तो शेला पांघरलेला साहेब. मी त्याला बसवलं. तो शेला सावरत चावी फिरवत होता आणि मी नळीकडे बघत होतो. कोरडी. पंपात डिझेल येतं आणि पंपातून बाहेर पडत नाही. असं एकाच कारणाने होतं. पण केबिनमधला नॉब तर आत होता, मी स्वतः पाहिला होता.

मी पंपाच्या मागच्या बाजूला हात घातला. बारका दांडा मागे ओढलेला, आणि पळसाच्या मुळ्यांच्या दोरीने बांधलेला.

मी मान वर केली. मामाजी पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभे होते. सुपारी चघळणं थांबलं होतं. व्याही हाकेवर होते. थोरला जावई उपाशी गेला तर त्यांची मान मुलीच्या सासरी कायमची खाली जाणार, हे मला कळत होतं. एक टोक खेचलं की मी सुटणार, हे त्यांना कळत होतं. माझ्या आयुष्यात सौद्याची इतकी चांगली जागा मला कधी मिळाली नव्हती. मी दोरी तशीच ठेवली.

"मामाजी, मोठा बिघाड दिसते," मी हळू आवाजात म्हणालो. "गाडी निघन का नाही, ते तुमच्यावर आहे. माह्या शेल्याचं बोला."

"शेला एकच होता."

"मंग त्याले काहून देल्ला? थोरला मी आहो."

मामाजींनी तांब्या खाली ठेवला. "साहेबाले नाही देल्ला तं तो रुसते आन् पुन्हा उंबरा चढत नाही. तुम्ही रुसता, बापाचा उद्धार करता, आन् येता."

असली गोष्ट कौतुक म्हणून खपवली जाते आणि त्यात माणसाचा शेला जातो. मी म्हणालो, हे चालणार नाही. तेव्हा त्यांनी व्याहीभेटीत मिळालेला स्वतःच्या खांद्यावरचा दुपट्टा काढला, पंगतीच्या मधोमध माझ्या गळ्यात घातला आणि वाकायला लागले. मी त्यांना धरलं. वडील माणसाने असं वाकायची गरज नव्हती. दुपट्ट्यावर वरणाचा डाग होता, तो मी त्यांना दाखवला.

"धुतल्यावर जाते," ते म्हणाले. "बसा आता."

बसलो. साहेब गाडीतून ओरडून विचारत होता, अजून फिरवू का. मी म्हणालो, फिरवत राहा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजींनीच दोरीचं टोक खेचलं, मी नळीचा नट आवळला, आणि गाडी एका चावीत लागली. मागे त्यांनी न विचारता चिन्नोरचं पोतं टाकलं. मी पोतं उचलून वजनाचा अंदाज घेतला आणि माझ्या डिझेलचा हिशेब मनातल्या मनात मांडला. माझं नुकसानच होतं. कुसुम शेजारी बसून ती दोरी बोटाला गुंडाळत होती, हसू दाबत होती. कटंगीला ती शिंगाडेवाली पुन्हा दिसली. मी गाडी थांबवली नाही.

पुढच्या लग्नाला मी बसने जाणार आहे, हे मी कुसुमला तुमसरपर्यंत तीनदा सांगितलं. ती हौ म्हणाली. डाग धुतल्यावर गेला नाही, शेला मला आजतागायत मिळालेला नाही, आणि मी हे विसरणार नाही.

फक्त निघायच्या आदल्या संध्याकाळचं एक मनातून जात नाही. मी ओट्यावर पान खात बसलो होतो. मनोहरराव शेला घडी करून डिकीत ठेवत होते, जेवण वेळेवर मिळालं नाही म्हणून कुरकुरत होते. सगळे त्यांना निरोप द्यायला दारापर्यंत आले. त्यांची स्कूटर पहिल्याच किकला सुरू झाली. तिला कुणी काही बांधलं नव्हतं.