बाबांचा एकच ग्लास

आमचे बाबा, नसरी, दिवसभर लेबनॉनमधल्या आमच्या जाहले गावातले फ्रिज दुरुस्त करतात आणि संध्याकाळी बाल्कनीत बसून स्वतःला दुरुस्त करतात. समोर काकड्या, पाण्याचा जग, बर्फ आणि बडीशेपेच्या वासाची दारू, अरक. दर पेगाला नवा ग्लास, हा आमच्याकडचा कायदा. बर्फ पडला की काचेला पांढरी साय धरते. त्यात पुन्हा ओतणारा माणूस जाहलेचा नाहीच! त्यामुळे भांडी घासताना मला सगळं कळायचं. पाच ग्लास म्हणजे पाच पेग.

जेवणानंतर माझी सहा वर्षांची बहीण जोएल गोष्टीचं पुस्तक घेऊन यायची. तिसऱ्या पानावर बाबांचा लांडगा शेळीच्या दाराशी पोचायचा आणि तिथेच घोरायला लागायचा. आधी शिट्टी, मग पाण्याचा पंप. तो आवाज मी हुबेहूब काढते. शेवटी जोएल पुस्तक घेऊन शेजारच्या तनूसकाकांकडे जायला लागली. ते मात्र बाबांना लागलं.

"आजपासून एकच ग्लास," छातीवर हात ठेवून ते म्हणाले. "जोएल, बाबाकडेच ये. लांडगा शेवटपर्यंत जाणार."

तीन दिवस लांडगा शेवटपर्यंत गेला. चौथ्या संध्याकाळी पुन्हा दारातच आडवा. जोएलनं पुस्तक मिटलं आणि चपला शोधायला लागली.

आईनं तो एकुलता एक ग्लास दिव्यापुढे धरला. तळापासून काठापर्यंत नुसती साय.

"नसरी! त्याच ग्लासात पुन्हा?"

बाबा खडबडून उठले. "हळू बोल गं! तनूस ऐकेल!"

"म्हणजे पिण्याची नाही, ग्लासाची लाज!"

"मरियम मातेची शपथ, दोनदाच ओतली."

"चारदा," मी त्यांच्याच आवाजात म्हटलं.

एरवी हसले असते. पण ते दारातल्या जोएलकडे बघत होते. तिची एक चप्पल पायात, एक हातात.

"थांब ना, राणी. उद्यापासून आधी गोष्ट. मग ग्लास, तोही तू म्हणशील तेव्हा."

जोएलनं बराच विचार केला आणि पायातली चप्पल काढली.

दुसऱ्या दिवशी बाटली कपाटात आणि बाबा कोरडे. कोरड्या बाबांचा लांडगा चक्क भीतिदायक निघाला! शेवटच्या पानापर्यंत गेला. जोएलचं डोकं त्यांच्या दंडावर कलंडलं. बाबांनी हळूच मला भुवईनं कपाट दाखवलं.

"मी जागी आहे," डोळे मिटूनच जोएल म्हणाली. "परत पहिल्यापासून."

बाबांनी उसासा टाकला आणि पहिलं पान काढलं.